लाल, निळा आणि मधला

घरात माणसं चार असली की पिण्याच्या पाण्याच्या आवडी चार असतात. पण मागणारा नुसतं ‘पाणी दे गं’ म्हणतो, बाकीचं देणाऱ्याने ओळखायचं असतं. आमच्या सासूबाईंना बाराही महिने कोमट लागतं. ह्यांना माठातलं. चिरंजीवांना फ्रिजमधलं, तेही बाटली तोंडाला लावून. मला कसं आवडतं हे कुणी विचारलं नव्हतं. मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

नाशकाची हवाही अशी, की आपापल्या महिन्यात प्रत्येकाचं खरं ठरतं. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. जानेवारीत निफाडला तो पाचाखाली उतरल्याची आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्याची बातमी येते, तेव्हा इंदिरानगरातल्या आमच्या ओट्यावरचं पाणीसुद्धा दातांतून कळ काढतं. आणि जून कोरडा गेला की सगळ्या शहराचे डोळे गंगापूर धरणाकडे. तेव्हा गार की गरम, असले चोचले कुणाला सुचत नाहीत.

तर गरम-गार पाण्याचं डिस्पेन्सर घ्यायचं ठरलं. वर पाण्याचा जार उलटा लावायचा, खाली तीन नळ: लाल गरम पाण्याचा, निळा गारचा, मधला साध्याचा. कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानात गेलो. विक्रेत्या मुलाने आधी रंग दाखवले, मग खालचं छोटं फ्रिजसारखं कपाट दाखवलं (‘मॅडम, यात दही राहतं!’). मला वेगळंच विचारायचं होतं. पाणी गार कसं होतं? कॉम्प्रेसरवर की इलेक्ट्रॉनिक कूलिंगवर? कारण स्वस्त यंत्रांत कॉम्प्रेसर नसतो. त्यांत एक चपटी चकती असते. तिच्यातून वीज गेली की एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. १८३४ साली पेल्टिये नावाच्या एका फ्रेंच माणसाला हे दिसलं. मूळचा घड्याळजी तो. आवाज नाही, गॅस नाही, बिघडायला फारसं काही नाही. पण ही चकती खोलीच्या मानाने काही अंशच खाली जाऊ शकते. म्हणजे डिसेंबरात उत्तम गार, आणि मे महिन्यात, नेमकी गरज असते तेव्हा, हात वर. कॉम्प्रेसरवालं थोडं घुरघुरतं, महाग पडतं, पण उन्हाळ्यातही पाणी दहा अंशांपर्यंत आणतं. नाशकात राहून चकतीवालं घेणं मला तरी पटत नाही. ज्यांच्या घरी सगळेच कोमट पिणारे आहेत त्यांनी खुशाल घ्यावं.

आणखी एक गैरसमज दुकानातच कानावर आला. शेजारचे काका बायकोला सांगत होते, ‘हे घेतलं की फिल्टर काढून टाकू.’ साधं डिस्पेन्सर पाणी तापवतं आणि गार करतं, शुद्ध करत नाही. वर जे घालाल तेच खाली येणार. बाहेरचा जार घेणार असाल तर त्यावर सील आहे का, बाटलीबंद पाण्याच्या भारतीय मानकाचा आयएस १४५४३ हा क्रमांक आहे का, हे बघावं. आमच्याकडे महापालिकेचं गाळलेलं पाणी घरच्याच जारमध्ये भरतो.

वापरातल्या गोष्टी हळूहळू कळत गेल्या. पहिल्यांदा जार लावला की लाल नळातून धार येईपर्यंत मागचं गरम पाण्याचं बटण दाबायचं नाही, कोरडी टाकी तापली तर कॉइल जळतो. यंत्र भिंतीला चिकटवायचं नाही, मागच्या जाळीची उष्णता बाहेर पडायला चार-सहा इंच जागा लागते. रात्री गरमचं बटण बंद, नाहीतर सगळे झोपलेले असताना ते आपलं तापवत बसतं. नळाखालची ताटली रोज ओतायची, डासांना तेवढं पाणी पुरतं. आणि दर दोन-तीन महिन्यांनी मागची बूच काढून टाक्या रिकाम्या करून धुवायच्या. हे शेवटचं काम कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही.

लाल नळाचं पाणी ८५ ते ९५ अंशांचं असतं. हात भाजायला एक क्षण पुरतो, म्हणून त्यावर लहान मुलांसाठी कुलूप असतं. ते भाच्याने पहिल्याच भेटीत उघडून दाखवलं, सासूबाईंना अजून जमत नाही. या पाण्याचा चहा मात्र होत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यात हे उकळीच्याही अलीकडे थांबलेलं. पिशवी बुडवून पिणाऱ्यांचं भागतं. आलं घालून कढवायचा चहा गॅसवरच. उपिटासाठीही आधण वेगळं ठेवावं लागतं, फक्त ते लवकर येतं. पण बाजरीच्या भाकरीचं पीठ भिजवायला हे पाणी इतकं नेमकं आहे, की थंडीत यंत्राचे पैसे मी तिथंच वसूल धरते.

सासूबाईंच्या कोमटाचं गणित मुलाने मांडलं. एक भाग लाल नळाचं ९० अंशांचं, दोन भाग मधल्या नळाचं साधं २५ अंशांचं, की ४७च्या जवळपास. आधी साधं घ्यायचं, वरून गरम. त्यांनी ऐकून घेतलं, करंगळी बुडवली आणि अजून थोडं साधं घातलं.

माठ गेला नाही. तो जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातून आणलेला, आणि कोरड्या एप्रिलमध्ये त्याच्याशी स्पर्धा नको. अंगातून पाझरलेलं पाणी वाऱ्यावर उडतं, जाताना आतली उष्णता घेऊन जातं, विजेचं बिल शून्य. पावसाळ्यात हवाच ओली, मग तो बिचारा काय करणार. शिवाय माठात वाळ्याची जुडी टाकता येते. निळ्या नळाच्या पाण्याला कसलाच वास नाही. हेच त्याचं कौतुक म्हणतात, मला ती उणीव वाटते.

पण या यंत्राने घरात खरा फरक केला तो तापमानाचा नव्हे. आता पाण्यासाठी कुणी कुणाला हाक मारत नाही. पूर्वी मी जेवायला बसले की हमखास कुणाला तरी पाणी हवं असायचं. पाहुणे आले की गूळ-पाणी पुढे करायला मीच. आता ते ‘राहू द्या वहिनी, घेतो मी’ म्हणत पेला घेऊन नळाशी उभे राहतात. सासूबाईंना हे अजिबात आवडत नाही. दारी आलेल्याने स्वतः पाणी घ्यायचं म्हणजे घर आहे की एसटी स्टँड, असं त्या म्हणतात. त्यांचं चूक नाही. मी ऐकते आणि बसून राहते. आणि मला मधल्या नळाचं, साधं पाणी आवडतं, हे या निमित्ताने कळलं.

वाद आता जारवर आला आहे. खालून जार लावायचं मॉडेल होतं, पण किमतीचा आकडा बघून ह्यांनी ‘एवढं तर आपण उचलू’ म्हटलं होतं. वीस लिटरचा भरलेला जार म्हणजे वीस किलोंच्या वर वजन, तेही कमरेच्या वर नेऊन एका दमात उलटं करायचं. जार संपत आला की घरात सगळ्यांची तहान एकदम कमी होते. परवा रात्री तळाला पेलाभरच पाणी उरलं होतं. मुलगा म्हणाला, आजीचं कोमटच जास्त जातं. हे म्हणाले, निळा नळ कोण सोडतो ते बघ आधी.

‘सरका दोघं, मी लावते,’ म्हणत सासूबाईंनी पदर खोचला.

बापलेक एकाच वेळी उठले. मी नाही उठले.