सोसायटीतल्या आयांची भांडी बँक

लहान मुलांच्या आयांना एकत्र येऊन कचऱ्यावर काही काम करायचं असेल, तर सुरुवात भांडी बँकेपासून करावी, म्हणजे स्टीलच्या ताटल्या-वाट्यांचा एक सामायिक संच सोसायटीत ठेवून तो वाढदिवसांसारख्या कार्यक्रमांना घरोघरी वापरायला द्यावा. वाढदिवस दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा असतोच, त्यातले निर्णय बहुतेक घरांत आईच घेते, आणि कचरा किती वाचला ते त्याच संध्याकाळी दिसतं.

महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ पासून बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे देशभर बंद झाले. त्यांच्या जागी कागदी आले, पण त्यातल्या बहुतेकांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो खतात कुजत नाही, आणि खरकटं लागलेला कागद रद्दीवालाही घेत नाही.

पन्नास माणसांच्या संचाला ६० ताटल्या, ६० पेले, ७५ चमचे आणि १२० वाट्या लागतात. पेल्यांवर मुलांची नावं चिकटपट्टीने लावली, तर पाणी प्यायला दरवेळी नवा पेला घेतला जात नाही. आहेरात आलेली, माळ्यावर पडलेली भांडी देऊ करणाऱ्या पुष्कळजणी भेटतात. वाट्या-पेले जरूर घ्यावेत, ताटल्या मात्र एकाच मापाच्या विकत घ्याव्यात. वेगवेगळ्या मापाच्या ताटल्यांची चळत नीट बसत नाही आणि मोजायला दुप्पट वेळ जातो. भांड्यांवर सोसायटीचं नाव घालून घ्यायचंच. साठवायला भाजीचे प्लास्टिकचे क्रेट उत्तम. एका क्रेटमध्ये १२ किलोच्या वर भरू नये, नाहीतर लिफ्ट बंद असली की कुणी न्यायला तयार होत नाही.

भांडी हरवतात ती मुख्यतः खरकट्यात. मुलं ताटली बादलीत उपडी करतात आणि चमचा केकबरोबर जातो. म्हणून चमच्यांसाठी वेगळं पातेलं ठेवायचं, आणि जेवण उरकतानाची १५ मिनिटं एका मोठ्या माणसाने तिथे उभं राहायचं. एवढ्याने गळती जवळजवळ थांबते.

‘धुवायला पाणी किती जातं!’ हा आक्षेप हमखास येतो. नळाखाली धुतली तर खरंच जातं. आधी जुन्या वर्तमानपत्राने क्रीम पुसून काढा, कारण गार पाण्यात लोणी थिजतं आणि साऱ्या भांड्यांना लागतं. मग तीन टब: पहिल्यात कोमट साबणपाणी, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात गरम. प्रत्येकात एक बादली. दुसरा टब पांढुरका दिसू लागला की त्यातलं पाणी बदलायचं. धुतल्यावर भांडी कोरडी होईपर्यंत रचू नका, ओल्या चळतीला वास येतो आणि हलक्या स्टीलवर डाग पडतात. हे काम घरकामाच्या ताईंवर सोडायचं असेल तर त्याचे पैसे आधी ठरवून वेगळे द्यावेत. बाबा मंडळींनी टबापाशी बसावं, हे अधिक बरं.

वहीत तारीख, घर क्रमांक, नेलेली आणि परत आलेली संख्या एवढंच लिहावं. दहा-दहाच्या चळती केल्या की मोजणी पाच मिनिटांत होते. अनामत ५०० रुपये ठेवावी, भाडं नको, हरवलेल्याची बाजारभावाने भरपाई. किल्ली दोघींकडे असावी. सगळा भार एकीवर पडला की तिच्या मुलांच्या परीक्षांच्या महिन्यात बँक बंद पडते, आणि बंद पडलेली सहसा पुन्हा उघडत नाही.

नव्या आया जोडायला संक्रांत ते रथसप्तमीचं हळदीकुंकू ही चांगली वेळ. बोलावणं सगळ्याच बायकांना असावं, कुणाला वगळू नये. प्लास्टिकच्या डब्या वाण म्हणून लुटण्याऐवजी त्या पैशांतून वाट्या घ्याव्यात, असं तिथेच सुचवता येतं.

गणपतीच्या महाप्रसादाला भांडी पुरवायचं काम बँकेच्या दुसऱ्या वर्षी हाती घ्यावं, शेजारच्या सोसायटीचा संच मागून. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसं जमणार असतील, तर किमान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवून कचरा वेगळा करण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी आयोजकांवर टाकली. केटररशी दर ठरवतानाच ‘ताटल्या आमच्या’ हे सांगा. त्याच्या दरात कागदी ताटल्या धरलेल्या असतात, त्यामुळे तेवढे पैसे कमी करून घेता येतात. आयत्या वेळी सांगितलं तर तो त्या घेऊनच येतो, आणि समोर दिसल्या की वापरल्या जातात.