आधी पाटी, मग तेल: आमच्या दुकानाची वाटचाल

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीवरून घुग्गुसकडे जाणाऱ्या रोडवर आमचं ऑइलचं दुकान आहे, मागं दोन गाड्या उभ्या राहतील एवढं शेड आणि गाडीखाली उभं राहून काम करायला एक पिट. बरेच जण म्हणतात की दुसरीकडं लाल तेल मागितलं की लगेच भेटते, तुम्हीच काऊन एवढे प्रश्न विचारता, गाडी कोणती, गिअरबॉक्स कोणता, गिअरबॉक्सच्या पाटीवर नंबर काय, याच्या आधी कोणतं टाकलं होतं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो, कारण डबे तर सगळ्यांकडेच असतात, आमच्याकडं जे आहे ते हे प्रश्नच आहेत.

दुकान बाबांनी सुरू केलं. तेव्हा तीन बॅरल होते, इंजिनचं चाळीस नंबर, गिअरचं नव्वद नंबर आणि टिपरचा डाला उचलणाऱ्या जॅकचं हायड्रॉलिक तेल, अडुसष्ट नंबर, एक हातपंप, दोन पत्र्याची मापं आणि ग्रीसचा डबा. राजूरच्या चुनाभट्ट्यांवरचे ट्रक यायचे, खाणीतून कोळसा घेऊन निघालेले यायचे, दिवाळीनंतर जिनिंगचा सीजन लागला की कापसाच्या गाड्यांची लाइन लागायची आणि बाबा रात्री अकरापर्यंत उभेच असायचे. खुलं तेल चालायचं, ड्रायव्हर अर्धा लिटर म्हणाला तर अर्धा लिटर, आणि त्या गाड्यांना चालूनही जायचं, कारण सगळ्या गिअरबॉक्सांचे गिअर हातानं टाकायचे, आत नव्वद नंबर पडलं की काम झालं.

लाल तेल आमच्याकडं आलं ते पॉवर स्टेअरिंगमुळे. आधीच्या ट्रकांचं स्टेअरिंग फिरवताना ड्रायव्हरच्या खांद्याला गोळे यायचे, मग पॉवर स्टेअरिंगच्या गाड्या वाढल्या आणि त्या स्टेअरिंगच्या टाकीत लाल एटीएफ, म्हणजे मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचं तेल, पडायचं. आमच्या डोक्यात मग एवढंच बसलं की लाल तेल म्हणजे एटीएफ आणि एटीएफ म्हणजे लाल तेल. डब्यावर टाइप ए लिहिलंय, डेक्स्रॉन टू लिहिलंय की डेक्स्रॉन थ्री, तो एटीएफचा प्रकार कोणी वाचायचंच नाही, मीही नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे दुकान बदललं. मी नुकताच पूर्ण वेळ बसायला लागलो होतो, बाबा माल आणायला नागपूरला गेले होते. एक ओळखीचे टिपरवाले, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, त्यांनी खाणीच्या कामावरून निघालेला एक जुना टिपर घेतला होता आणि त्याला ॲलिसन कंपनीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता, क्लचचा पायच नाही. आमच्या भागात अशी गाडी म्हणजे नवलच. ड्रायव्हर आला आणि म्हणाला, "भाऊ, गिअरचं तेल कमी दाखवून राहिलं, टाकून द्या." मी विचारलं कोणतं टाकू, तो म्हणाला हायड्रॉलिक आहे म्हणतात, तर हायड्रॉलिकच टाका. टिपरचा जॅक अडुसष्टवर चालतो हे मला माहीत होतं, ऑटोमॅटिकही तेलाच्या प्रेशरवरच चालते हेही कुठंतरी ऐकलं होतं, मी सात लिटर अडुसष्ट नंबर ओतलं आणि बिलही फाडलं.

आठ-दहा दिवसांनी टिपर परत आला, तोही टोचन करून. चढावर गिअर बदलताना गाडी अंग झटकल्यासारखी हालायची, मग पकडच सुटली, इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाक जागेवर. गिअरबॉक्स नागपूरला खोलला, मी सोबत गेलो होतो. आतल्या क्लचच्या प्लेटा बाहेर काढून पत्र्याच्या परातीत ठेवल्या, एक स्टीलची, एक अस्तराची, अशा एकाआड एक. अस्तराच्या प्लेटेवर कागदासारखा तपकिरी थर असतो, त्याच्यात बारीक चिरा असतात तेल वाहायला, त्या चिरा काळ्या भरून गेल्या होत्या आणि नखानं खरडलं तर थर पापडासारखा उचकत होता. स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग पडले होते, उष्णतेनं. आणि वास, जळलेल्या कागदाचा आणि जुन्या तेलाचा मिळून एक वास, तो अजूनही दुसऱ्या कुठल्या गाडीच्या तेल मोजायच्या गेजपट्टीला आला की माझ्या पोटात खड्डा पडतो.

काकाजी एवढंच म्हणाले, "बाबू, तुमच्यावर भरोसा ठेवला होता न." बाबांनी अर्धा खर्च दुकानातून दिला. त्या वर्षी शेड मोठं करायचं होतं, टिना आणून ठेवल्या होत्या, त्या विकल्या. मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त सांगितलं की ज्यांनी खाणीत जिंदगीभर डंपरांचे गिअरबॉक्स उघडले त्यांच्याकडं जा आणि शिकून ये.

खाणीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले एक फोरमन वणीतच राहायचे. मी त्यांच्याकडं चार महिने संध्याकाळी जायचो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "मले सांग, तुनं पाटी वाचली का?" गिअरबॉक्सच्या बाजूला खाली लोखंडी पाटी असते, तिच्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर, ती मी पाहिलीच नव्हती. मग म्हणाले, "तेलाचा रंग हा नुसता रंग असते बापा, लिकेज कुठून आहे ते दिसावं म्हणून कंपनी त्यात लाल रंग घालते. रंग पाहून तेल टाकशील तर रूहअफ्जा पण टाकशील."

त्यांनी जे शिकवलं ते माझ्या शब्दात सांगतो. अडुसष्ट नंबर म्हणजे ४० डिग्रीला त्या तेलाचा जाडपणा ६८ सेंटिस्टोक. एटीएफचा त्याच तापमानाला साधारण ३५, म्हणजे मी जवळपास दुप्पट जाड तेल घातलं होतं. पण जाडपणापेक्षा मोठी गोष्ट पकडीची. ऑटोमॅटिकच्या प्लेटा तेलात बुडालेल्या राहून एकमेकींना पकडतात, किती घसरायचं आणि कोणत्या क्षणी घट्ट धरायचं हे तेलातल्या औषधावर, म्हणजे त्यात मिसळलेल्या रसायनावर ठरते, आणि गिअरबॉक्स बनवणाऱ्यानं ते औषध धरूनच प्लेटा बनवलेल्या असतात. फोर्डचं जुनं टाइप एफ झटक्यात पकडायचं, डेक्स्रॉन हळू पकडते, दोन्ही एटीएफच, दोन्ही लालच, पण एकाच्या जागी दुसरं घातलं की एक तर गाडी झटके मारते नाहीतर प्लेटा घसरून जळतात. अडुसष्टमध्ये तर हे औषधच नसते.

आणि नावांचा गोंधळ. जनरल मोटर्सनं १९४९ मध्ये टाइप ए आणलं, साठच्या दशकाच्या शेवटी डेक्स्रॉन, मग डेक्स्रॉन टू, १९९३ मध्ये थ्री, आणि नंतर सिक्स. सुरुवातीच्या तेलात पकडीसाठी व्हेलचं तेल असायचं, अमेरिकेत व्हेलची शिकार आणि व्यापार बंद झाल्यावर त्यांना नवीन औषध शोधावं लागलं, पहिलं जे केलं त्यानं तेल थंड करणाऱ्या कूलरचं झाळणच खायला सुरुवात केली, मग परत सुधारून टू-डी आलं. तेच टू-डी आमच्या इकडं जुन्या ट्रकांच्या पॉवर स्टेअरिंगच्या पुस्तकात लिहिलेलं असते. डेक्स्रॉन थ्रीचं लायसन्स जनरल मोटर्सनं २००६ च्या शेवटी बंद केलं, म्हणजे आज ज्या डब्यावर डेक्स्रॉन थ्री लिहिलंय ते तपासलेलं असेलच असं नाही, बनवणारा स्वतःच्या भरोशावर लिहून राहिला. चांगल्या कंपनीचं असलं तर मी विकतो, पण डबा सीलबंद पाहिजे आणि कंपनी ओळखीची पाहिजे. एटीएफ मी खुलं विकत नाही, त्या दिवसापासून एक थेंब नाही.

ॲलिसनचं गणित वेगळं. त्यांचे स्वतःचे नंबर आहेत. जुन्या गिअरबॉक्सांना सी-४ चालायचं, ते आता खाणीतल्या मोठ्या डंपरांकडं जास्त दिसते, आणि त्यातही किती जाड घ्यायचं ते बाहेरच्या तापमानावर असते. रोडच्या गाड्यांसाठी टीईएस-३८९ हे साधं आणि टीईएस-२९५ हे सिंथेटिक, त्यानंतर टीईएस-६६८ आलं, ते २९५ च्या जागी चालते. जुन्या गाडीवाल्याला मी आधी विचारतो की आत्ता आत काय आहे, कारण सिंथेटिकमध्ये साधं मिसळलं तर गाडी काही लगेच बंद पडत नाही, पण सिंथेटिकच्या भरोशावर जास्त किलोमीटर चालवायचं ठरवलं असेल तर तो हिशोब मोडला, आता साध्याच्या किलोमीटरवर बदलावं लागेल. आणि ड्रेन खोलून सगळं तेल निघते हा गैरसमज आहे, बरंचसं टॉर्क कनव्हर्टरात, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, आणि कूलरच्या पाइपात राहते, म्हणून चुकीचं पडलं असेल तर एका ड्रेननं भागत नाही.

आमच्या इकडं सगळ्यात मोठा दुश्मन गर्मी. मे महिन्यात चंद्रपूर-वणीकडं पारा ४५ च्या वर जातो, वरून कोळशाची धूळ कूलरच्या जाळीत जाऊन बसते आणि तेलाला लागून तिचा काळा थापा होतो, बाहेरून पाहिलं तर जाळी दिसते पण हवा जातच नाही. तेलाला १० डिग्री गर्मी वाढली की आयुष्य जवळपास अर्धं होते असा अंदाज आम्ही धरून चालतो. म्हणून कोणी महागडं सिंथेटिक मागायला आला की मी आधी जाळी पाहतो, आतल्या बाजूनं हवा मारून साफ करून देतो, त्याचे पैसे घेत नाही, आणि कितीतरी वेळा सांगितलंय की भाऊ तुम्हाला महाग तेल नाही पाहिजे, साध्यावर भागते, फक्त वेळेवर बदला. धंद्याच्या हिशोबानं हे चुकीचं वाटेल पण तोच माणूस पुढच्या वर्षी दुसरी गाडी घेऊन येते.

जुन्या तेलाचा एक थेंब मी पांढऱ्या सुती कपड्यावर टाकतो. लालसर राहिलं तर बरं. तपकिरी पण जळका वास नाही, तर बदलून टाका. काळं आणि जळकं असलं तर मी स्पष्ट सांगतो की प्लेटा गेल्यात, नवीन तेल टाकून त्या भरून येणार नाहीत, माझ्याकडून तेल घेऊ नका, आधी गिअरबॉक्स खोला. आणि गुलाबी दुधासारखं दिसलं तर कूलर फुटून पाणी आत आलं, कूलंट, म्हणजे रेडिएटरचं ते पाणी, एकदा अस्तराला लागलं की त्याचं चिकटवण सुटते. हे सांगताना समोरच्याचं तोंड उतरते, मला माहीत आहे, मी त्या जागी उभा राहिलो आहे.

खाणीच्या ठेकेदारांकडं व्होल्वोचे टिपर आले तेव्हाही असंच होता होता वाचलं. त्यांच्या आय-शिफ्ट गिअरबॉक्सला ड्रायव्हर ऑटोमॅटिकच म्हणतात, क्लचचा पाय नाही म्हणून. एक जण एटीएफ मागायला आला, मी पुस्तक मागितलं, तर आतून तो बारा गिअरचा हाताचाच गिअरबॉक्स, क्लच नेहमीसारखा कोरडा, फक्त गिअर बदलायचं काम मशीन करते. टॉर्क कनव्हर्टर नाहीच. त्याला गिअर ऑइलच लागते, कंपनीनं सांगितलेलं. नावावर गेलो असतो तर परत एक परात भरली असती.

आता दुकानात रजिस्टर आहे, ते माझी बायको सांभाळते, तिचं अक्षर चांगलं आणि ती एकही रकाना रिकामा सोडू देत नाही. गाडी नंबर, गिअरबॉक्सच्या पाटीवरचा नंबर, तेलाचं पूर्ण नाव, किती लिटर, किलोमीटर, तारीख. पॉवर स्टेअरिंगसाठी वेगळं पान, कारण मध्ये मध्ये ड्रायव्हर रस्त्यात तेल संपलं की जे हाताशी लागलं ते टाकतात, एकानं तर ब्रेक ऑइल टाकलं होतं, सगळे सील फुगून लोण्यासारखे मऊ झाले. पाटी घासून गेलेली असली तर लहान भाऊ तारेचा ब्रश घेऊन गाडीखाली जातो, फोटो काढतो, आणि तरीही नंबर लागला नाही तर आम्ही कंपनीच्या सर्व्हिसला फोन लावून विचारतो. तोपर्यंत गाडी शेडमध्ये उभी राहते, ड्रायव्हरला चहा पाजतो. एखादी खेप चुकते, शिव्याही पडतात कधी कधी. चालते.

शेड पाच वर्षांपूर्वी मोठं केलं. बाबा आता सकाळीच येऊन बसतात, चाळीस नंबरचा जुना हातपंप अजून दाराजवळ ठेवलाय, तो त्यांनी काढू दिला नाही.

काकाजींचा तो टिपर अजून आहे. दुसऱ्या प्लेटा टाकून उभा केला, आता त्याच्यावर पाण्याची टाकी बसवली आहे आणि रोडच्या कामावर पाणी मारते, चालवतो त्यांचा मुलगा. रजिस्टरचं पहिलं पान त्याचंच. मागच्या आठवड्यात आला होता, तेल बदललं, फिल्टर बदलला, मग घुग्गुसकडं पंधरा किलोमीटर चालवून आणला, कारण थंड्यावर पाहिलेली लेव्हल खोटी असते, आत तेल ७०-९० डिग्रीवर आलं पाहिजे. सपाट जागेवर उभा केला, हँडब्रेक, न्यूट्रल, इंजिन चालू. गेजपट्टी काढून पुसली, परत घातली, काढली. काकाजींचा मुलगा वाकून पाहत होता, त्याला म्हटलं तूच वाच. दोन्ही खुणांच्या मध्ये होती.