गेमिंग पीसी: पैसा कुठे घालायचा, कुठे थांबायचं

नागपुरात बर्डीवरच्या दुकानात गेमिंग पीसीचं कोटेशन मागितलं की बहुतेक वेळा बजेटचा मोठा हिस्सा ग्राफिक्स कार्डात जातो आणि मदरबोर्ड आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) उरलेल्या पैशात बसवले जातात. दोन वर्षांनी नवं कार्ड घ्यायला जावं, तर एसएमपीएसही बदला, कॅबिनेटही बदला. हिशेब उलटा मांडायला हवा. जे पुढे बदलायचंय ते आज बेताचं घ्या, जे राहणार आहे ते दणकट.

प्रोसेसरसाठी एएमडीचं एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती खाच) बरं. ते २०२२ मध्ये आलं आणि किमान २०२७ पर्यंत त्याला साथ देऊ असं कंपनीने सांगितलंय. आधीच्या एएम४ चा अनुभवही चांगला: २०१७ च्या कित्येक बोर्डांवर नुसतं बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालला. आज रायझन ५ ७६०० पुरे. यात साधे ग्राफिक्स आहेत, म्हणजे कार्डासाठी पैसे जमेपर्यंत मशीन अडून राहत नाही. ७५००एफ स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्स नाहीत, म्हणून कार्डाशिवाय स्क्रीनवर काही दिसणारच नाही.

बोर्ड बी६५० चिपसेटचा, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) उष्णता ओढून घेणारा हीटसिंक असलेला, मागे बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवायही बायोस अपडेट करणारं) बटण असलेला. पुढे ९८००एक्स३डी हा ताकदीचा प्रोसेसर टाकायचा झाला तर जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस अपडेट करा. नाहीतर पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही, आणि दोष बिचाऱ्या नव्या चिपला लागतो. त्या चिपसोबत कूलर येत नाही, तो खर्च आधीच धरा.

रॅममध्ये हमखास चूक होते. आज १६ जीबीची एक स्टिक, पुढे अजून तीन, हा बेत एएम५ वर लागणाऱ्या डीडीआर५ रॅममध्ये फसतो. ७६०० ला दोन स्टिकवर ५२०० चा अधिकृत वेग मिळतो, चार स्टिकवर ३६०० चाच. त्यामुळे १६-१६ ची जोडी एकदमच घ्या आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवा. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. तेव्हा मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेण्याचं काम, चाललेलं असतं. बटण दाबून बंद करू नका हो! नंतर बायोसमध्ये एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा.

एसएमपीएस ७५० वॅट, गोल्ड (कमी वीज वाया घालवणारा दर्जा), एटीएक्स ३.१ (नव्या कार्डांसाठीचं मानक). उद्या ३०० वॅटचं कार्ड आलं तरी दम लागणार नाही. कधी एसएमपीएस बदललाच तर जुन्या मॉड्युलर (काढता-लावता येणाऱ्या) केबल नव्याला लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी (डेटा साठवणारी ड्राइव्ह) जळू शकते.

कॅबिनेट पुढून जाळीचं, समोर दोन पंखे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर फेकणारा. कार्डासाठी ३३० मिमी जागा मोजून घ्या. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि खोलीत डेझर्ट कूलर सुरू. त्याच्या झोतात कॅबिनेट ठेवलं की ओल्या हवेसोबत धूळ आतल्या फिन्सवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांवर) चिखलासारखी बसते, आणि पाण्यातला क्षार पांढरा होऊन चिकटतो तो वेगळाच. कॅबिनेट झोताच्या बाजूला सरकवा, जाळी पंधरा दिवसांनी काढून ब्रशने झाडा.

एसएसडी १ टीबी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान) घ्या, बोर्डावर एम.२ (हीच एसएसडी बसते ती) ची दुसरी खाच मात्र असू द्या, पुढे जागा वाढवायला.