लिंकमधला आकडा बदलला आणि दुसऱ्याचे रेट दिसले

सकाळी सकाळी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांचा फोन. "बेंगळुरूची पार्टी मला हैदराबादवाल्याचे रेट वाचून दाखवू लालीय. डझनाला किती कमी लावलाय, ते सुद्धा. त्यांना कसं काय दिसू लालंय?" आवाजात रागापेक्षा धसका जास्त होता.

या धंद्यात प्रत्येक पार्टीचा रेट वेगळा. रोखीनं घेणाऱ्याचा एक, उधारीवर नेणाऱ्याचा दुसरा, आणि सुताचे भाव हलले की सगळेच बदलतात. म्हणून वेबसाइटवर एकच रेट टेबल ठेवून प्रत्येक पार्टीला तिच्यापुरतं गाळून दाखवायची सोय माझ्याआधी कुणीतरी करून दिली होती. कल्पना चांगली होती. पन्नास पार्ट्यांसाठी पन्नास पानं कोण सांभाळणार? लिंकच्या शेवटी पार्टी नंबर असायचा. पान उघडताना तो नंबर व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या नाव दिलेल्या कप्प्यात, जायचा आणि टेबलला आधीच फिल्टर लागलेला असायचा. बेंगळुरूवाल्यांनी फक्त १४ चे १५ केले होते. याला हॅकिंग म्हणणं म्हणजे उघड्या दारातून आत आलेल्या माणसाला घरफोड्या म्हणणं.

कारखान्यात गेलो. मागे माग चालू, त्यामुळे निम्मं बोलणं हातवाऱ्यांनीच. मालक म्हणाले, "नंबर लांबलचक करून टाका की, कुणाला ओळखता येणार नाही असा." हा उपाय बऱ्याच जणांना सुचतो. मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर एका पार्टीची लिंक उघडली. नऊ ओळी दिसत होत्या. मग एफ१२ दाबून सर्व्हरकडून काय आलंय ते उघडलं. सगळ्या पार्ट्यांचे सगळे रेट, एकाखाली एक. फिल्टर ब्राउझरमध्ये लागत होता, म्हणजे माल सगळा पोहोचलेला आणि नऊ ओळी सोडून बाकीच्या नुसत्या लपवलेल्या. मालक खुर्चीवरून उठून स्क्रीनला नाक लावून बघत राहिले. "हे सगळं त्यांच्याकडे जातंय?" जातंय. नंबर कितीही लांब केला तरी जाणारच.

मग पान तिथल्या तिथे बंद केलं आणि कामाला लागलो. पार्टी नंबर लिंकमधून काढला. आता पार्टीनं लॉगिन करायचं आणि नंबर सर्व्हरनं लॉगिनवरून स्वतः काढायचा. फिल्टर थेट डेटाबेसच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात; कुठल्या ओळी हव्यात ते सांगणाऱ्या 'वेअर'च्या अटीत. नंबर क्वेरीच्या मजकुरात चिकटवायचा नाही, पॅरामीटर म्हणून, म्हणजे मजकुराबाहेर ठेवून, वेगळा द्यायचा, नाहीतर लॉगिनच्या मागूनही कुणी अट मोडून आत शिरेल. व्हेरिएबल रिकामा आला तर एकही ओळ दाखवायची नाही. जुन्या पानावर उलटं होतं: नंबरच नसेल तर अख्खं टेबल. असं का ठेवतात, देव जाणे.

साइजचा फिल्टर मात्र लिंकमध्येच राहू दिला. तीस बाय साठचा टॉवेल हवा असेल तर ती लिंक व्हॉट्सॲपवर पाठवायची, समोर तेवढेच टॉवेल उघडतात. कुणी साठच्या जागी काही वेगळं टाकलं तर दुसरी साइज दिसेल, रेट स्वतःचाच. सोयीचा फिल्टर आणि राखणीचा फिल्टर हे दोन वेगळे, एवढं धरून चाललं की काय लिंकमध्ये ठेवायचं नि काय नाही हे आपोआप ठरतं.

संध्याकाळी चाचणी घेतली तर काही पार्ट्यांचं टेबल कोरं. लॉगिन बरोबर, क्वेरी बरोबर. मुनीमजींची एक्सेल उघडली आणि उलगडा झाला. पार्टीच्या यादीत कोड ००७ होता, रेटच्या शीटमध्ये नुसता ७. एक्सेलनं आकडा समजून पुढची शून्यं खाल्लेली आणि डेटाबेसमध्ये दोन्हीकडे कोड मजकूर म्हणून साठवलेला. मजकुरात ००७ आणि ७ एक नसतात. कॉलमचं फॉरमॅट टेक्स्ट करून शून्यं पुन्हा भरली. मुनीमजी म्हणाले, "इतकी वर्षं बिलं याच शीटवरून निघतात, कुणाची अडली नाहीत." खरं होतं. बिल काढताना ते नाव बघत होते, कोड नव्हे.

बेंगळुरूच्या पार्टीचं काय केलं, ते मी विचारलं. मालकांनी चहाचा कप पुढं सरकवला. "काय करणार? रेट बघितलाय त्यानं. दोन रुपये उतरलो, पण उधारी बंद."