तुम्ही विचारलंत म्हणून : पांढरा बैल आणि माझी तीन माध्यमं

“मॅडम, तुम्ही एक काहीतरी धरून का बसत नाही?” हे मला स्टाफरूममध्ये विचारतात, लग्नकार्यात विचारतात, आणि दिवाळीला घरी आलेले पाहुणे भिंतीवरची चित्रं बघून झाली की हमखास विचारतात. प्रश्नात वावगं काही नाही. जो हिवाळ्यात येतो त्याला मी तापलेल्या पेननं लाकडावर चित्र डागताना दिसते, म्हणजे पायरोग्राफी. उन्हाळ्यात येणाऱ्याला लिनो, म्हणजे छाप काढायचा रबरासारखा पत्रा, कोरताना दिसते, आणि पावसाळ्यात जलरंगांचा पसारा मांडलेला असतो. “दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात, तुझे तर तीनवर आहेत,” असं माझी मावसनणंद म्हणाली, तेव्हा मी चहाचा कप पुढे करून विषय बदलला होता. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आज सविस्तर देते.

मी नागपुरात एका शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. चित्रकलेचं शिक्षण घेतलेलं नाही. हे सगळं सुरू झालं ते एका लाकडी बैलापासून.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मोठ्यांचा पोळा खऱ्या बैलांचा, लेकरांचा लाकडी बैलांचा. चाकं लावलेला बैल सजवायचा, दोरीनं ओढत घरोघरी न्यायचा आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. आमच्या घरातला बैल माझ्या लहानपणचा, बाबांनी घेऊन दिलेला. माझा मुलगा तिसरीत गेला तेव्हा त्या बैलाचा रंग पोपडे धरून निघायला लागला होता. नवा रंग देण्यापेक्षा झूल डागून काढावी असं माझ्या मनात आलं, आणि मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून साधं सोल्डरिंग आयर्न घेऊन आले.

पहिल्या संध्याकाळी मी मोठी चूक केली. जुन्या रंगावरच टोक टेकवलं. जो धूर निघाला त्यानं डोकं असं धरलं की रात्रभर झोप नाही. रंग, व्हार्निश, प्लायमधला गोंद, एमडीएफमधलं रसायन, यातलं काहीही जाळायचं नसतं. हे मला नंतर कळलं, आणि आता जो कोणी शिकायला येतो त्याला मी सर्वांत आधी हेच सांगते. जुन्या तैलरंगात तर शिसंही असू शकतं. मग आठवडाभर नाकाला मास्क लावून, पाणी लावत लावत तो बैल घासला. आधी १२० नंबरचा वॉटर पेपर, मग २२०, शेवटी ३२०. आतून उघडं लाकूड निघालं, फिकट, हाताला गुळगुळीत.

झूल जमली. रिंगणं, त्यात ठिपके, काठाला गोंडे. प्रश्न उभा राहिला तो बैलाच्या अंगाचा.

माझं आजोळ वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचं. तिकडचे बैल गवळाऊ जातीचे, पांढरे, उंच, अंगानं सडपातळ. माझ्या आठवणीतली मामांची जोडी तशीच. पांढऱ्या अंगावर संध्याकाळचं ऊन पडलं की वशिंडाची एक कड तेवढी उजळून निघायची आणि गळ्याखालच्या पोळीत सावली साचायची. मला तो पांढरा हवा होता. पांढरा रंग लावून पाहिला तर चुना फासल्यासारखा दिसला, तो पुन्हा घासून काढला. शेवटी अंगाला हातच लावला नाही. फक्त पोळीच्या घड्या, वशिंडामागचा खोलगट भाग आणि पोटाखालची सावली हलकी हलकी डागली. बाकीचं लाकूड जसं होतं तसं ठेवलं. दुसऱ्या दिवशी मुलानं तो बैल दारात उभा केला आणि शेजारच्या आजी म्हणाल्या, “अगोबाई, पांढरा बैल!”

लाकूड तर पांढरं नव्हतंच, फिकट पिवळसर होतं. भोवती सावली होती म्हणून आजींना ते पांढरं दिसलं. त्या एका वाक्यापासून मी आजवर सुटलेले नाही.

पुढे लाकडासाठी लकडगंजात जायला लागले. लकडगंज म्हणजे नागपूरचा लाकूडबाजार. आरा मशीनचा आवाज, भुशाचा वास, आणि दाराशी कटपीसचा ढीग. तिथले एक मिस्त्री काका सुरुवातीला मला सागाचे तुकडे देत. आपल्या भागाला सागाचा अभिमान आहे आणि तो खराच आहे, दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरचा साग लागला आहे. पण डागायला साग अवघड जातो. त्यात तेल असतं, त्यामुळे धूर जास्त येतो, आणि मूळचाच रंग गडद असल्यानं माझा बैल काही पांढरा होईना. खोक्यांचं पाइन आणखी वेगळं. त्याच्या मऊ पट्टीत टोक खस्सकन उतरतं आणि शेजारच्या कठीण पट्टीवर आलं की अडतं, त्यामुळे सरळ रेघ पायऱ्या पायऱ्यांची होते. एकदा काकांनी माझ्या हातातला सागाचा तुकडा काढून घेतला. “मॅडम, हे जाळाले नेता का तुम्ही? याच्यात तेल हाय. हा हळदू नेऊन पाहा.” हळदूचं लाकूड पिवळसर, रेषा इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. पूर्वी याच्या फण्या आणि पट्ट्या करत. त्यावर टोक लोण्यात चालल्यासारखं चाललं. शिवणाचं लाकूडही चांगलं, हळदूहून हलकं आणि फिकट.

आता माझ्याकडे तापमान कमीजास्त करता येणारं पेन आहे, डबीवर २०० ते ४५० अंश लिहिलेलं. साधारण २०० अंशांच्या पुढे लाकूड तपकिरी व्हायला लागतं. तिथून काळ्यापर्यंतच्या सगळ्या छटा दोन गोष्टींवर ठरतात, टोक किती तापलंय आणि हात किती वेळ थांबलाय. मी कमी ताप आणि सावकाश हात निवडते. टोक हवेत असताना तापून बसलेलं असतं, म्हणून ते लाकडाला लागताच तिथे काळा ठिपका पडतो. नवशिक्याच्या प्रत्येक रेघेला असा सुरुवातीचा ठिपका असतो. तो टाळायचा तर चालत्या बसमधून उतरणारा माणूस बसच्याच दिशेनं पावलं टाकत उतरतो, तसं करावं लागतं. हात आधी हवेत चालता करायचा, चालता चालताच टेकवायचा आणि चालता असतानाच उचलायचा. वशिंडाची बाहेरची रेघ काढताना मी श्वास रोखत नाही, सोडत जाते. रेघेच्या शेवटी श्वास संपलेला असतो आणि टोक उचललेलं असतं. हे जमायला मला दोन हिवाळे लागले.

हिवाळे असं म्हणाले, कारण हे काम नागपुरात हिवाळ्याचंच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पंख्याशिवाय बसता येत नाही, आणि पंखा लावला की वाऱ्यानं टोक थंड होतं. एक रेघ गडद, पुढची फिकी. हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवायची आणि छोटा पंखा उलटा धरून धूर तेवढा बाहेर ओढायचा, की तासन् तास बसता येतं. पहिल्या दोन वर्षी मार्च ते ऑक्टोबर मी नुसती वाट पाहत बसले. तिसऱ्या पावसाळ्यात जलरंग आणले.

म्हणजे ऋतूमुळे माध्यम बदललं, हे अर्धं उत्तर झालं. उन्हाळ्यात जलरंगही साथ देत नाही. आकाशाचा रंग कागदाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत न्यायच्या आत पहिला काठ वाळून त्याची रेघ पडलेली असते. जुलैच्या दमट हवेत तोच कागद दहा दहा मिनिटं ओला राहतो आणि रंग आपला आपण पसरत जातो. याउलट लिनो उन्हाळ्याचा. थंडीत तो कडक होतो, कोरताना हत्यार घसरतं आणि बोट कापतं. नागपूरच्या मेमध्ये गच्चीवर पाच मिनिटं ठेवला की मऊ होतो, आणि व्ही आकाराच्या कोरणीखालून त्याची वेटोळी सुटत जातात.

पण खरं उत्तर पहिल्या जलरंगात मिळालं. मी पुन्हा तोच बैल काढायला घेतला होता. रंगपेटीत पांढरी वडी होती, ती उघडून वशिंडावर लावली आणि सगळं गढूळ झालं. तेव्हा लक्षात आलं की इथेही पांढरा लावायचा नसतो, कागद कोरा सोडायचा असतो. बैलाच्या मागच्या कडुनिंबाची सावली निळसर हिरवी केली आणि तिच्यात बैलाच्या आकाराची जागा कोरडी राखली. लाकडानं मला थांबायला शिकवलं होतं, ते इथे कामी आलं. आणि जलरंगानं जे दिलं ते मी पुढच्या हिवाळ्यात लाकडाकडे नेलं. आधी मी बैलाची बाह्यरेषा पक्की काढून मग आत सावली भरत असे. जलरंगानंतर बाह्यरेषाच सोडून दिली. मागचं झाड डागलं की बैल आपोआप पुढे येतो.

लिनोमध्ये हेच आणखी कठोरपणे समोर येतं. तिथे जे कोरून काढलं ते पांढरं आणि जे राहिलं ते शाई घेतं. मधली छटाच नाही. पोळीची सावली काळी करू की पांढरी, हे एकेका घडीला ठरवावं लागतं. एक उन्हाळाभर मी बैलाची तीच मान अकरा वेळा कोरली. शेवटी सहा रेघांत ती उभी राहिली. त्या सहा रेघा आता माझ्या लाकडी बैलांवरही असतात. पूर्वी तिथे चाळीस असत.

माध्यम बदललं की काम बदललं असं बाहेरून वाटतं. मी तिन्हीकडे एकच काम करते, बैलाचं पांढरं राखते. कधी न जाळून, कधी न भिजवून, कधी कोरून. मधे एक वर्ष अ‍ॅक्रिलिकही करून पाहिलं. त्यात पांढरा ट्यूबमधून येतो, चुकलं की वरून लावता येतो. मी वशिंड इतक्या वेळा दुरुस्त केलं की बैल त्या थरांखाली हरवला. अ‍ॅक्रिलिकमध्ये सुंदर काम करणारी माणसं आहेत, मला मात्र त्यात थांबता आलं नाही.

या सगळ्यांत आणखी एक धागा आहे, आणि तो आपल्या मातीतला आहे म्हणून मला विशेष प्रिय आहे. तो म्हणजे जवस. आपण विदर्भातली माणसं जवसाला चटणीमुळे ओळखतो. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या एनएल-९७ सारख्या जाती तयार झाल्या. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात लिनोलियम काढलं ते याच जवसाच्या तेलापासून. घट्ट झालेलं तेल, त्यात बुचाचा आणि लाकडाचा भुसा, पाठीला तागाचं कापड. लिनोवर मी लावते ती छपाईची शाई जवसाच्या तेलातली, आणि ती वाळायला वेळ घेते म्हणून उन्हाळ्यातही कामाची. लाकडी बैल पुरा झाला की त्याला शेवटचा हात देते तोही जवसाच्या तेलाचा. रंगाच्या दुकानात ‘अळशीचं डबल बॉइल’ म्हणून मागायचं. तेल लागलं की न डागलेलं लाकूड किंचित सोनेरी होतं आणि डागलेल्या रेघा खोल जातात. ते बघायला मी घरातल्यांना हाक मारून बोलावते.

तेल लावलेलं कापड मात्र कधीही चुरगळून डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यातून उष्णता निघते. कापडाच्या बोळ्यात ती अडकली तर कापड आपोआप पेट घेतं. मी ते अंगणातल्या दोरीवर पसरून वाळवते.

एकच माध्यम धरलं असतं तर हात जास्त सफाईदार झाला असता का? झाला असता. रोज बारा महिने लाकूड डागणाऱ्याची रेघ माझ्याहून सरस असते, हे मी बघितलं आहे आणि मनापासून मान्य करते. हिवाळ्याचे पहिले पंधरा दिवस माझे नुसते रियाजात जातात, कारण हात लिनोच्या जोराला सरावलेला असतो आणि लाकडावर जोर लावला की खड्डाच पडतो. हे नुकसान मी स्वीकारलंय. बैलाच्या मानेच्या त्या सहा रेघा मला लाकडावर बसून सापडल्या नसत्या.

यंदा भाचीच्या मुलीचा पहिला तान्हा पोळा आहे. काकांनी तिच्या बैलासाठी हळदूचा ओंडका काढून ठेवला होता, गेल्या आठवड्यात घेऊन आले. हाताला अजून गार लागतो, म्हणजे आत ओल आहे. या उन्हात उघडा ठेवला तर दोन्ही टोकांनी चिरेल, म्हणून टोकांना मेण लावून जिन्याखाली सावलीत ठेवलाय. दर रविवारी वजनकाट्यावर ठेवते आणि आकडा वहीत लिहिते. वजन उतरायचं थांबलं की घडवायला काकांकडे जाईल, मग माझ्याकडे येईल. पावसापूर्वी वाळला तर ठीक, नाहीतर यंदा पावसाळ्यातच पेन तापवावं लागेल. तोवर टेबलावर लिनो आहे. आज सकाळी गच्चीवर ठेवला होता, मऊ झालाय, कान कोरून झालेत.