उभं पाणी

"मुलांना मराठी जेमतेम येत होतं, मग त्यांच्याकडून कविता कशा लिहून घेतल्यात?" मॉरिशसहून परत आल्यापासून हे मला किती जणांनी विचारलं असेल. नातेवाइकांनी कुतूहलानं, आखातात आणि अमेरिकेत रविवारचे मराठी वर्ग चालवणाऱ्यांनी गरजेपोटी. आता तुम्हीही स्वतःचा वर्ग सुरू करण्याआधी तेच विचारलंत, म्हणून नीट बसून सांगते.

मी तिथे चार वर्षं होते, एबेनमधल्या एका कचेरीत हिशेबाच्या कामाला. शिकवणं हा माझा पेशा नव्हे. वाकवाजवळच्या एका गावात शनिवारी सकाळी मुलांचा मराठी वर्ग भरायचा. तो घेणाऱ्या बाई आजारी पडल्या, मी महिनाभरासाठी म्हणून गेले आणि तिथलीच झाले. वर्ग बैठकेत भरायचा. बैठका म्हणजे ऊसमळ्यांत राबणाऱ्या आपल्या मजुरांनी दिवसाचं काम उरकल्यावर एकत्र बसायला, पोरांना चार अक्षरं शिकवायला उभारलेली जागा. १८३४ पासून करारावर माणसं नेली गेली, त्यांत कोकणातली आणि घाटावरचीही होती. माझ्या वर्गातली सतरा मुलं त्यांच्या पाचव्या-सहाव्या पिढीतली, अकरा ते चौदा वर्षांची. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली; शाळेची पुस्तकं इंग्रजीत, टीव्ही बराचसा फ्रेंच. मराठी उरली ती शाळेतल्या ऐच्छिक विषयात, गणपतीच्या आरत्यांत आणि जाखडीत, म्हणजे कोकणातून गेलेल्या नाचगाण्यात. जाखडीची गाणी त्यांना पायांच्या ठेक्यासकट पाठ, अर्थ मात्र अर्धामुर्धा.

पहिले दोन महिने मी वाया घालवले. फळ्यावर यमकांच्या जोड्या लिहून दिल्या आणि विषय दिला पाऊस. जवळजवळ प्रत्येक वहीत मोर नाचला. मॉरिशसच्या रानात मोर नाही. तिथला मोठा पाऊस जानेवारी-फेब्रुवारीत येतो आणि चक्रीवादळाच्या पाठीवर बसून येतो. इशाऱ्याचा आकडा एकवरून चढत गेला की शाळा बंद होतात, लोक खिडक्यांना फळ्या ठोकतात. हे सगळं ज्या मुलांनी अंगावर घेतलेलं, ती माझ्यासाठी मोर नाचवत होती. मी तेच मागितलं होतं ना.

एकाच मुलानं वेगळं लिहिलं होतं. "वारा दार खातो." मी लाल पेनानं 'खातो' खोडून वर 'वाजवतो' लिहिलं. तो वही घेऊन माझ्यापाशी आला आणि तुटक मराठीत म्हणाला, "वाजवत नाही, मादाम. खातो." मग दोन्ही हातांनी दाखवलं: दाराची खालची कड पाण्यानं फुगलेली, वाऱ्यानं तिचे तुकडे काढत नेलेले. त्यानं ते पाहिलं होतं, मी नव्हतं. ती लाल रेघ मला आजही टोचते. त्या दिवसापासून वर्गात लाल पेन नेलं नाही.

वाट दाखवली ती एका आजींनी. नातीला सोडायला आल्या होत्या, पाऊस लागला म्हणून मागच्या बाकावर बसल्या. मुलं कंटाळलेली पाहून एकदम म्हणाल्या, "सिरांदान!" आणि अख्खा वर्ग ओरडला, "सांपेक!" क्रिओलमधली कोडी अशीच सुरू होतात. आजींनी विचारलं, "दिलो दिबूत?" उत्तर आलं, "कान!" दिलो म्हणजे पाणी, दिबूत म्हणजे उभं. उभं पाणी काय? ऊस. मग "दिलो पांदान?" लटकणारं पाणी? नारळ.

मी खडू हातात धरून नुसती उभी. दोन शब्दांत ऊस उभा राहिला होता, रसासकट. मला आमच्या ओटीवरची कोडी आठवली. मी म्हटलं, "सूपभर लाह्या, मधे रुपया." सूप काय, लाह्या काय, हे फळ्यावर चित्र काढून सांगावं लागलं, लाह्यांसाठी पॉपकॉर्नचा आधार घेतला. क्षणभर शांतता, आणि मग तीन-चार आवाज एकदम: चंद्र आणि तारे! "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" याला तर त्यांनी जिभा बाहेर काढून उत्तर दिलं.

तिथून पुढे कविता आम्ही कोड्यातून काढली. वस्तूचं नाव घ्यायचं नाही, ती काय करते ते सांगायचं. घरापासून बैठकेपर्यंत येताना दिसलेल्या दहा गोष्टी वहीत लिहून आणायच्या. 'सुंदर' हा शब्द वापरायचा नाही. मराठी शब्द आठवला नाही तर क्रिओल शब्द देवनागरीत लिहायचा आणि पुढे जायचं, थांबायचं नाही. शेवटी हवा तर बदलायचा, नाही तर राहू द्यायचा. ठेक्यासाठी मी वृत्तांच्या वाटेला गेले नाही. ओळ म्हणताना जाखडीसारखा पाय आपटायचा. पाय अडखळला तर ओळीत काहीतरी जास्तीचं आहे.

आणि मग ते कानाचं झालं. ऊस म्हणजे क्रिओलमध्ये कान, आपल्याकडे कान म्हणजे कान. एका मुलीच्या ते लक्षात आलं आणि तिनं लिहिलं:

शेतात कान उभे आहेत.
वारा काय सांगतो
ते ऐकतात.

ही ओळ पुण्यात बसून कोणाला सुचली नसती. दोन्ही भाषा अर्ध्या-अर्ध्या येणाऱ्या मुलीलाच ती सुचू शकते. लोक ज्याला कमतरता म्हणतात, ती तिच्या हातातली कुऱ्हाड होती. त्याच आठवड्यात 'दार खातो'वाल्या मुलानं आजींच्या कोड्याला जोड दिली: "पाणी उभं आहे. / आजोबा वाकले आहेत." त्याच्या आजोबांनी आयुष्यभर ऊस तोडला. मी त्याला एक शब्दही विचारला नाही.

व्याकरणाचं काय, असं तुम्ही विचाराल. व्याकरण मुलं स्वतः मागायला आली. एक मुलगी तास संपल्यावर थांबली. "मादाम, मी देव नाही. पण मी देव, तर... कसं म्हणायचं?" मी सांगितलं, "मी देव असते तर." तिनं बोटांवर मोजत तीनदा म्हटलं आणि पुढच्या शनिवारी हे आणलं:

आजी देवाशी मराठी बोलते.
माझ्याशी क्रिओल.
मी देव असते
तर मला मराठी आली असती.

जर-तरची ही वाक्यरचना मी आधी दोन तास फळ्यावर समजावली होती, एकालाही आली नव्हती. त्या दिवशी सतराही जणांनी ती उचलली. "मी वारा असतो तर", "मी बस असते तर". बस होऊन ती मुलगी पोर्ट लुईला न थांबता थेट समुद्रात जाणार होती.

तिथे गुलमोहर डिसेंबरात फुलतो, वर्षाअखेरची मोठी सुट्टी लागते तेव्हा. आपल्याकडे तो मे महिन्यात फुलतो, तेव्हाही सुट्टीच असते. शेवटच्या शनिवारी मुलांना हे सांगितलं, तर त्यांना कोण आनंद झाला! गुलमोहराला सुट्टीची तारीख कोण कळवतं, यावर सगळ्यांनी लिहिलं. ते कागद माझ्या कपाटात आहेत, आलात तर दाखवेन.

पहिल्या दिवशी वर्गात काय न्यावं, हे तुम्हाला हवं होतं. आपली पाच-सहा कोडी न्या, यमकांची यादी नेऊ नका. आणि मुलं ज्या देशात वाढताहेत तिथल्या आजी-आजोबांचं एखादं कोडं त्यांना शोधून आणायला सांगा, मग ती भाषा अरबी असो की स्पॅनिश. मिळालं की मलाही पाठवा. मी जमवते आहे.