आमची वाटचाल : नट पंचेचाळीस मिलिमीटरचाच

आम्ही हाताने बनवतो त्या गिटारींबद्दल वाजवणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. नट, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, रुंद आहे. कटवे, म्हणजे वरचे पडदे गाठायला अंगाला दिलेला खोलगट काप, नाही. कुशीत, म्हणजे बाजूच्या लाकडात, प्रीअँपची, आवाजाच्या बटणांची, खिडकी नाही, मग स्टेजवर वाजवायची कशी. पॉलिशवर घामाचे डाग पडतात. आणि हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचा माथा, ‘जुन्या पेटीच्या दुकानासारखा’ दिसतो. शेवटची तक्रार मला मान्य आहे, कारण ते दुकान जुन्या पेट्यांचंच होतं. बाकीच्यांची उत्तरं मी काउंटरवर इतक्या वेळा दिली आहेत की आता एकदा लिहूनच टाकतो.

ग्वाल्हेरच्या जनकगंजात बाबा पेट्या आणि तंबोरे दुरुस्त करायचे. लश्कर या आमच्या भागात या कामाला कधी तोटा नव्हता. १९१४ साली कृष्णराव पंडितांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१८ पासून माधव संगीत महाविद्यालय आहे, शिवाय घरोघरी एक तरी तंबोरा खोळ घालून कोपऱ्यात उभा. मी गिटारीचं काढलं तेव्हा बाबा आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलले. त्यांची कानस आणि गिरमीट मात्र त्यांनी स्वतःहून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

खरा भागीदार म्हणजे मिस्त्री. कागदावर कधीच नव्हता, पण त्याच्याशिवाय हे दुकान उभं राहिलं नसतं. जन्म सतारी आणि सरोद उघडण्यात गेलेला. गिटारीच्या वरच्या पाटीला तो शेवटपर्यंत तबलीच म्हणायचा, म्हणून आम्हीही तबलीच म्हणतो. स्प्रूस नावाच्या लाकडाची तबली तो दोन बोटांत वरच्या कडेला धरायचा, मधोमध बोटाच्या पेराने ठोकायचा आणि रंधा उचलायचा. ‘अभी बंद है.’ पुन्हा दोन हात रंधा. माझा जाडी मोजायचा व्हर्नियर २.८ मिलिमीटर दाखवायला लागला की तो थांबलेला असायचा, तेही व्हर्नियरकडे न बघता. तबलीला आतून बळ देणाऱ्या फासळ्या खरवडायला त्याची एक अर्ध्या इंचाची पटाशी होती. धार लावून लावून पातं आखूड झालेलं, मूठ बाभळीची. ती अजून दुकानात आहे. नवीन पोरांना तिला हात लावू देत नाही.

फासळ्या चिकटवण्यासाठी आम्ही क्लॅम्प वापरत नाही. खाली साचा, वर फळी आणि मधे बांबूच्या कामट्या वाकवून बसवायच्या. प्रत्येक कामटी फासळीला वरून दाबून धरते. उन्हाळ्यात वाळलेली कामटी मधूनच कडाड्‌ करून तुटते आणि दुकानात बसलेलं गिऱ्हाईक दचकतं. तुमचं काम बघून आम्हाला वेड्यासारखं वाटतं, असं एकाने तोंडावर सांगितलंय. बाहेरचे कारागीरही हीच पद्धत वापरतात, फक्त ते कामटीला गो-बार म्हणतात. तिकडचं नाव असलं की पद्धत एकदम शास्त्रीय होते.

आता मुद्द्याचं. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लू सुटली की हवेत ओल नावाला उरत नाही. ऑगस्टात त्याच खोलीत मीठ पाझरतं. चारशे मिलिमीटर रुंदीची स्प्रूसची पाटी मोकळी ठेवली तर या दोन टोकांमध्ये तीन-चार मिलिमीटर सहज फुगते-आक्रसते. गिटारीत ती मोकळी नसते, चारी बाजूंनी चिकटवलेली असते आणि वरून सहा तारांचा सत्तरेक किलोचा ताण. पावसाळ्यात फुगलेल्या तबलीला फासळ्या चिकटवल्या तर पुढच्या वैशाखात ती आक्रसणार आणि फाटणारच. म्हणून आमच्याकडे आषाढापासून दसऱ्यापर्यंत तबलीला सरस लागत नाही. त्या दिवसांत नेक करतो, पडदे ठोकतो, हाडाची सॅडल, म्हणजे तबलीकडच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, घासतो. गिऱ्हाइकाला वाटतं, हे लोक ऑर्डर लांबवतात.

सगळी डिझाइन याच हवेतून निघाली आहे. कटवे कापायचा म्हणजे शिसवीची बाजू तापत्या पायपावर जास्त बाकवायची, आणि तिथेच ती पुढे तडकते. कुशीत प्रीअँपसाठी भोक पाडलं की बाजूचं बळ गेलं. आम्ही आवाज उचलणारा पिकअप सॅडलखाली देतो आणि आवाजाची चकती साउंडहोलच्या ओठाआड लपवतो, पण मुलांना बटणं दिसायला हवी असतात. पॉलिश चपड्याचं, हाताने चढवलेलं, कारण जाड थर तबलीचा आवाज दाबून टाकतो. घामाने ते पांढुरकं होतं, हे खरं आहे. तर मनगटाखाली फडकं टाका. आकार ड्रेडनॉट नावाच्या मोठ्या गिटारीपेक्षा लहान, कारण ज्यांना ड्रेडनॉट हवी त्यांना ती कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. १९१६ साली अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने ती घडवली आणि लढाऊ जहाजाचं नाव दिलं. आवाजही जहाजासारखाच दणदणीत. आमच्या गावात गाणाऱ्याला साथ करायची असते.

नटाचं सांगतो. बाजारातल्या बहुतेक स्टीलच्या गिटारींचा नट ४३ मिलिमीटरचा. आमचा ४५. लोक म्हणतात नेक ‘खटियाच्या पाटीसारखी’ आहे. दोन मिलिमीटर पाच फटींमध्ये वाटले की एका फटीला ०.४ येतात. एवढ्यानेच बोटाचं टोक शेजारच्या तारेला लागायचं थांबतं. आमच्या पोरांचे हात कामाचे, बोटं जाड. आणि वाजवणाऱ्यांचं ऐकत नाही असं कोणी म्हणू नये. १९२९ मध्ये पेरी बेक्टेल नावाच्या बँजोवाल्याने मार्टिनकडे लांब नेक मागितली आणि त्यातून शरीराबाहेर चौदा पडद्यांची ओएम नावाची गिटार निघाली. मागणी शहाण्या माणसाची असली तर बनवणाऱ्याने ऐकायचं असतं. त्या गिटारीचा नटसुद्धा पावणेदोन इंचाचा, म्हणजे साडेचव्वेचाळीस. हे काउंटरवर सांगितलं की समोरचा मोबाइल बघायला लागतो.

आमच्याकडचा शहाणा माणूस म्हणजे ग्वाल्हेरच्याच मोरार भागातले सर. शाळेत गणित शिकवायचे, रविवारी प्रार्थना आटोपली की सायकलवरून दुकानात. पिक कधी वापरली नाही, नुसती बोटं. पहिल्या खेपेच्या एका गिटारीवर त्यांनी अर्धा तास फक्त एक स्वरसप्तक वर-खाली वाजवलं आणि विचारलं, ‘पडदे तारेची लांबी अठराने भागून आखलेत का?’ नाही, १७.८१७ ने, मी म्हटलं. ६४८ मिलिमीटरच्या स्केलला, म्हणजे तारेच्या लांबीला, पहिला पडदा नटापासून ३६.३७ वर येतो. सरांनी खिशातून पेन काढून बिलाच्या मागे भागाकार करून पाहिला, मग पैसे काढले. ४५ चा नट त्यांच्यामुळेच कायम झाला. त्यांचा एकूण एक शिष्य आमच्याकडे येतो आणि आधी नटाबद्दल कुरकुर करतो.

मधली वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग २०१६ च्या दिवाळीत मोठ्या शहरातला एक दुकानदार आला. नाव लिहीत नाही, त्याला फुकट जाहिरात कशाला. साठ गिटारी, सगळ्या सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाच्या, तबलीच्या, तिसरा हिस्सा आगाऊ. बँकेकडून उचल घेतली, मिस्त्रीने भाच्याला बोलावून घेतलं, होळीच्या आत माल रवाना केला. प्रत्येक डब्यात हिंदीत छापलेला कागद होता : एसीच्या झोतात ठेवू नये, उन्हाळ्यात ओला स्पंज ठेवावा, महिनाभर विकली नाही तर तारा सैल कराव्यात. त्याने काय केलं, तर काचेच्या शोरूममध्ये भिंतीला टांगून वरून दिवे सोडले आणि दिवसभर एसी. बाहेर मे महिना. जूनमध्ये फोन आला की तुमच्या गिटारी बसल्या, म्हणजे तबल्या आत खचल्या.

एक्केचाळीस परत आल्या. ट्रकमध्ये नुसत्या खोक्यांत, तारा पूर्ण ओढलेल्या, वर कुणाचं तरी कपाट. उरलेल्यांचे पैसे आज येतात, उद्या येतात. वर तो वाजवणाऱ्यांना सांगत सुटला की ग्वाल्हेरवाल्याची डिझाइनच चुकली आहे, फासळ्या कोवळ्या आहेत. ज्यांनी आमची गिटार कधी मांडीवर घेतली नव्हती तेसुद्धा फासळ्यांवर मत देऊ लागले. भोपाळहून एक मुलगा नुसता हे सांगायला आला की तुम्ही ब्रिजखालची पट्टी जाड ठेवायला हवी होती. मी त्याला चहा पाजला.

त्याच वर्षी, २ जानेवारी २०१७ पासून, शिसवीचं अख्खं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमाखाली आलं होतं. परदेशातल्या दोन ऑर्डरी होत्या, त्यांनी कागदपत्रांच्या भीतीने हात झटकले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली नोव्हेंबर २०१९ मध्ये, तोवर ती माणसं दुसरीकडे गेली होती. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला येत होता. घरी काय चाललं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मिस्त्री त्या ढिगासमोर बसला आणि एकेक गिटार उजेडात धरून आरशाने आत बघायला लागला. ‘सूखी है, टूटी नहीं है.’ आम्ही मागची खोली रिकामी केली, माठ ठेवले, ओली पोती टांगली, हवेतली ओल मोजायचं यंत्र आणलं आणि काटा पन्नासच्या आसपास धरून ठेवला. तारा काढून गिटारी तशाच ठेवून दिल्या. हळूहळू बसलेल्या तबल्या वर आल्या. बहुतेक सगळ्या. ज्या थोड्या फाटल्या होत्या त्यांच्या फटीत स्प्रूसची सळी भरून सरस लावला. ज्यांना फासळ्यांवर बोलायची हौस आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं : डिझाइन चुकलेली तबली पाणी पाजून वर येत नाही. वाळलेली येते.

त्या ढिगातली पहिली गिटार सरांनी घेतली. मी निम्मी किंमत सांगितली. ते म्हणाले, ‘माल निम्मा झालाय का?’ आणि पूर्ण पैसे मोजले. वर दोन शिष्यांनाही घ्यायला लावल्या. त्या गिटारी आजही वाजतायत, एक तर माधव संगीत महाविद्यालयाजवळच्या खोलीत राहणाऱ्या मुलाकडे आहे, ज्याच्याकडे एसीही नाही आणि गिटार ठेवायची केसही नाही.

इथे कूलरचं सांगून ठेवतो, कारण आमच्या भागात गिटारी मरतात त्या कूलरपायी. खसाच्या जाळीचा कूलर चालू असला की खोली श्रावणासारखी, लाईट गेली की तासाभरात वैशाख. गिटार त्याच्या तोंडासमोर स्टँडवर उभी. असं करू नका. भोकं पाडलेली साबणाची डबी घ्या, त्यात स्पंज पिळून ठेवा, डबी केसमध्ये हेडस्टॉकजवळ. आषाढात तीच डबी काढून सिलिका जेलच्या पुड्या. गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका, तिथल्या उष्णतेने सरस मऊ होतो आणि ब्रिज उचलतो, मग आम्हाला नावं ठेवता. आणखी एक. नवा धंदा काढणाऱ्यांनी एकाच माणसाकडून निम्म्याहून जास्त ऑर्डर घेऊ नये, तो कितीही गोड बोलला तरी.

त्या दुकानदाराने दोन वर्षांत स्वतःचा ब्रँड काढला. माल कंटेनरने येतो. तबली प्लायची, वर काचेसारखं जाड पॉलिश, आत ‘हस्तनिर्मित’ असं लेबल. आणि हेडस्टॉक? आमचाच, तोच उतार, तीच वरची खाच, ज्याला लोक पेटीच्या दुकानाचा म्हणून हसायचे. त्याच्यावर तो ‘रॉयल हेरिटेज’ झाला. वाजवणारे म्हणाले, बघा, यांची फाटत नाही. प्लाय कशाला फाटेल? आवाज किती वर्षांनी खुलतो ते विचारा. मागच्या वर्षी त्याच्या सूचिपत्रात एक मॉडेल पाहिलं : ‘खास बोटांनी वाजवणाऱ्यांसाठी, ४५ मिलिमीटर नट.’ त्याचं मात्र सगळ्यांनी कौतुक केलं.

मिस्त्री आता नाही. त्याचा भाचा तबली ठोकतो, अजून व्हर्नियर बघतो, पण होईल. कटवेचा एक साचा मी या वर्षी केला आहे, शिसवीऐवजी तून नावाच्या लाकडाच्या बाजूंचा, कारण तून पायपावर बरं वळतं. दोन वैशाख त्यातून गेलेले बघतो, मग विकायचं ठरवू. कुशीत खिडकी मिळणार नाही.

त्या ब्रँडच्या गिटारी आता दुरुस्तीला आमच्याकडे येऊ लागल्या आहेत. नेक उचललेली, आणि नेक सरळ करायची आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवायला जावं तर त्या रॉडचा नट आतल्या आत फिरतो. आम्ही घेतो. पैसे आगाऊ.